खुर्चीला धरलेला हात

“चालता कोणाला येत नाही?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि आईनं हात वर केला, शाळेत हजेरी द्यावी तसा.

मी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. ही माझी आई, कमल निकम, साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. गेल्या दिवाळीपर्यंत ती रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढायची आणि मागून धापा टाकत येणाऱ्या मला म्हणायची, “पुण्याचं पाणी पिऊन मऊ झालीस तू.” त्या दिवशीही टॅक्सीतून उतरल्या उतरल्या जड बॅग तिनंच आधी उचलली होती. आणि आता पुणे विमानतळावर उभी राहून ती, न लाजता, चाकांची खुर्ची मागत होती.

“गुडघ्यांना काय झालंय तुझ्या?” मी तिच्या कानाशी लागले.

“दुखतात.”

“कधीपासून?”

“तू विचारलं नाहीस तेव्हापासून.”

बाईंना उलट उत्तर द्यायची सोय नव्हती, तेव्हाही आणि आताही. मी आतून धुमसत होते. त्याला कारण होतं. मी वकील. ग्राहक आयोगापुढे विमानप्रवाशांची भांडणं भांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. तिकीट असून ज्यांना गेटवरून परत पाठवलं, ज्यांची पैठणीची बॅग भलत्याच गावी गेली, ज्यांना उशिराच्या विमानापायी उपाशी बसवून ठेवलं, ते सगळे फिरून फिरून माझ्याकडे येतात. धडधाकट काका-काकू रांग चुकवायला खुर्च्या अडवतात आणि ज्यांना खरी गरज ते भिंतीला टेकून उभे राहतात, यावर मी पेपरात एक लेखसुद्धा लिहिला होता. आईनं तो कापून फ्रिजवर चिकटवला होता.

खुर्ची आली. आई तीत बसली आणि मांडीवर पिशवी घेऊन तिनं मागं न बघता म्हटलं, “अहो, धरा.”

आबांनी खुर्चीची मूठ धरली. खुर्ची ढकलायला कंपनीचा माणूस होताच, पण आबांनी एका बाजूची मूठ काही सोडली नाही. आबा म्हणजे माझे वडील, यशवंत निकम, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. साताऱ्याच्या स्टँडवर एके काळी त्यांची शिट्टी वाजल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. एखादी म्हातारी पाणी प्यायला उतरलेली असली तर अख्खी गाडी तिच्यासाठी थांबवायचे आणि कंडक्टरची बोलणी खायचे.

“चला, वकीलबाई,” आबा मला म्हणाले.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. अहो-जाहो, वकीलबाई, पाणी घ्या, तुम्ही आधी बसा. त्यात नवल काही नव्हतं. मला सनद मिळाली त्या दिवशी त्यांनी मला पाट मांडून ‘या वकीलसाहेब’ म्हणत वाढलं होतं. तेव्हापासून आमची ही थट्टा चालत आलेली.

“चला, कंट्रोलरसाहेब,” मी म्हटलं. ते छान हसले.

आम्ही निघालो होतो गुवाहाटीला. माझा धाकटा भाऊ निरंजन तिकडे आसामात तेल कंपनीत इंजिनिअर. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, देवाला साकडं घालून आणि डॉक्टरांना पैसे भरून, त्याच्याकडे मुलगी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बारसं. मी एकुलती एक आत्या, त्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. आबांच्या मांडीवर नात ठेवून फोटो काढायचा, हे आईनं महिनाभर आधीच ठरवून टाकलेलं. निरंजन म्हणाला होता, “आई, एवढी धावपळ कशाला? चैत्रात आम्हीच साताऱ्याला येतो, तिथंच करू बारसं.” आईनं ऐकून घेतलं नाही. “चैत्रात नाही. आत्ता,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, आजी व्हायची घाई. गुवाहाटीला थेट जाणारं विमान दिवसातून हे एकच होतं. ते चुकलं की बारसंही चुकलं.

टॅक्सीत आईनं मला एक प्रश्न विचारला होता. बाहेर बघत, सहज विचारल्यासारखा.

“काय गं चारू, एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसलं तर त्याला विमानात घेतात का?”

माझ्या डोक्यात त्याच आठवड्यात आलेला एक पक्षकार होता. दारू पिऊन हवाई सुंदरीशी हुज्जत घालणारा आणि वर नुकसानभरपाई मागणारा.

“तसल्यांना कशाला घेतील? सरळ उतरवतात,” मी म्हटलं. “वर नाव काळ्या यादीत टाकतात. पुढं कित्येक महिने कुठलीच कंपनी घेत नाही.”

“असं होय,” आई म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तपासणी पार पडून आम्ही आतल्या हॉलमध्ये आलो आणि खुर्ची ढकलणारा माणूस आम्हाला सोडून दुसऱ्या कामाला गेला. आमच्या गेटाशी रांग नुकतीच लागत होती. शेजारच्या खांबाला टेकून एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांची खुर्ची आलीच नव्हती आणि नागपूरच्या विमानाची शेवटची घोषणा चालू होती. त्यांचं गेट हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला.

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या भुवया बोलल्या असाव्यात. लेख तर फ्रिजवर होताच.

“बाई, तुम्ही बसा,” आई उठली. “मी काय, बसल्या जागी थांबते. अहो, तुम्ही जरा इकडं…”

तेवढ्यात तिच्या हातातली पिशवी सुटली. तिच्यात सगळा बाळंतविडा होता. झबली, टोपरी, दुपटं आणि काळ्या मण्यांच्या मनगट्यांची डबी. डबी उघडली आणि मनगट्या गुळगुळीत फरशीवरून चारी वाटांनी घरंगळल्या. आई आणि मी दोघी खाली बसून खुर्च्यांखालून त्या गोळा करायला लागलो. एक मनगटी सापडेना. ती एका गृहस्थांच्या बुटाशी निघाली. मी ती आईच्या हातात दिली आणि आम्ही दोघी उठलो.

खांबाशी कोणीच नव्हतं. म्हाताऱ्या बाई गेल्या होत्या, खुर्ची गेली होती आणि आबाही नव्हते.

“बाथरूमला गेले असतील,” मी म्हटलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझा दंड असा धरला की पुढं दोन दिवस तिथं निळं होतं.

“खुर्ची कुठाय?”

“खुर्चीचं काय घेऊन बसलीस? आबा कुठं…”

“खुर्ची बघ, चारू. खुर्ची जिथं जाईल तिथं ते जातील.”

आणि माझी आई पळत सुटली. चपला काढून तिनं हातात घेतल्या आणि त्या लखलखीत हॉलमधून, बॅगा ओलांडत, माणसांना बाजूला सारत, ती गुडघे दुखणारी बाई अशी धावली की मला तिला गाठता येईना. मला काही म्हणजे काही समजत नव्हतं. एवढंच कळत होतं की आईला मी असं कधी पाहिलेलं नाही, आजोबा गेले तेव्हाही नाही.

धावता धावता वरून आमची नावं ऐकू आली. यशवंत निकम, कमल निकम, चारुलता निकम, आपलं गेट लवकरच बंद होत आहे. उड्डाणाआधी पंचवीस मिनिटं गेट बंद होतं आणि मग ते कोणाच्या बापासाठी उघडत नाही, हे मी पक्षकारांना दर आठवड्याला सांगते.

नागपूरच्या गेटाशी गर्दी थबकली होती. मधोमध ती खुर्ची, खुर्चीत प्लास्टरवाल्या बाई, आणि मागं आबा. दोन्ही मुठी त्यांनी इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं पांढरी झाली होती. गेटवरचा तरुण अधिकारी त्यांच्याकडे बोर्डिंग पास मागत होता. तो त्यांच्याजवळ नव्हताच, तिघांचेही पास आईच्या पर्समध्ये होते.

“बाईमाणसाला एकटं बसवून मी गाडी सोडणार नाही,” आबा त्याला समजावत होते. आवाज शांत, स्टँडवरचाच. “कंडक्टरला बोलवा. तोवर शिट्टी मारायची नाही.”

“मले वाटलं विमानवाल्यांचाच माणूस हाये,” म्हाताऱ्या बाई कोणाला तरी सांगत होत्या. “अर्ध्या वाटेत म्हणाले, कमल, पाय लई दुखतो का? मी म्हटलं, दुखतो जी. इतक्या मायेनं कोणी विचारलं नव्हतं, मग मी काय नाही म्हणू?”

आई गर्दीतून पुढं झाली आणि तिनं आबांच्या बाहीला हात लावला.

“अहो, मी इकडं आहे.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. परक्या बाईशी बोलावं तितक्या अदबीनं ते म्हणाले, “कमल खुर्चीत आहे. कमल खुर्चीत बसते आणि मी खुर्ची धरतो. तसं ठरलंय आमचं.”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. मी कोर्टात उभी राहून भल्याभल्यांची तोंडं बंद केलेली बाई, माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी आईकडे बघत होते आणि आई माझ्याकडे बघायचं टाळत होती.

“हात मोकळे असले की ते निघून जातात,” ती हळू आवाजात म्हणाली, मला की फरशीला कोण जाणे. “काही धरलेलं असलं की सोडत नाहीत. निरूच्या अभ्यासाची ती जुनी चाकांची खुर्ची आहे ना घरात, तीत मी बसायचे आणि हे मला फिरवायचे. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत. रोज. म्हटलं, विमानतळावर जमलं पाहिजे.”

अजिंक्यतारा का सुटला ते मला तेव्हा कळलं. त्यांना घरी एकटं ठेवून ती जाणार कशी?

तेवढ्यात आमच्या विमानाच्या ड्यूटी मॅनेजर हातात वॉकीटॉकी घेऊन आल्या. कारखानीस नावाच्या, पन्नाशीच्या, कपाळावर आठी वागवणाऱ्या बाई.

“निकम तुम्हीच ना? तुमचं गेट बंद होतंय. आणि यांची तब्येत बरी दिसत नाही. आज नका जाऊ. उद्याच्या विमानात…”

“उद्या नाही,” आई म्हणाली.

मला वाचा फुटली. भीती वाटली की मला कलमंच आठवतात, हा माझा स्वभाव.

“मॅडम, आमच्या बॅगा विमानात चढल्यात. माणसं नसताना बॅगा नेता येत नाहीत तुम्हाला. त्या शोधून उतरवायला जितका वेळ लागेल, त्याच्या आत आम्ही तिघं जागेवर बसलेले असू. तुम्ही फक्त गेटला थांबायला सांगा.”

कारखानीसबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, वॉकीटॉकीत काहीतरी बोलल्या आणि आईकडे वळल्या. “ठीक आहे. पण त्यांना काय होतं ते मला नेमकं सांगा. आत्ता, लवकर.”

आईनं ओठ मिटून घेतले.

“काकू?”

“सांगितलं तर उतरवाल,” आई म्हणाली. “काळ्या यादीत टाकाल. चारूच म्हणाली गाडीत.”

काय सांगू? टॅक्सीतला तिचा तो प्रश्न, ते पदराचं टोक, सगळं डोळ्यांपुढं आलं.

“विसर पडतो म्हणून कोणाला उतरवत नाहीत हो,” कारखानीसबाई म्हणाल्या. कपाळावरची आठी गेली होती. “तसा नियमच नाही. उलट नाही म्हणायची आम्हाला परवानगी नाही. आधी कळवलं असतंत तर खुर्ची कशाला, यांच्या सोबतीला वेगळा माणूस दिला असता.”

हे मला माहीत होतं. हा नियम मी आयोगापुढे घडाघडा म्हणून दाखवला आहे, त्यावर खटला जिंकला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“यांना विसर पडतो,” आई मग एका दमात म्हणाली. “दीड वर्ष झालं. निरंजन अजून ओळखू येतो त्यांना. फोटो दाखवला की नाव घेतात. म्हणून आत्ता जायचंय. चैत्रापर्यंत राहील की नाही, सांगता येत नाही.”

नागपूरच्या गेटावरचा तो अधिकारी आता पास मागत नव्हता. त्यानंच कुठून तरी दुसरी खुर्ची आणली. कारखानीसबाई आबांना म्हणाल्या, “बसा, काका.”

“मला काय धाड भरलीय?” आबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. मूठ त्यांनी सोडली नाही.

आई नव्या खुर्चीत बसली. तिचे पाय अनवाणी होते, चपला मांडीवर. आता आबांची बोटं कोणी सोडवायची? मी पुढं झाले, पण माझं मन धजेना. ते काम प्लास्टरवाल्या बाईंनी केलं. मथुराबाई मोहोड त्यांचं नाव, जाता जाता त्यांनीच सांगितलं. त्यांनी हात मागं नेऊन आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“भाऊ, तुमची कमल त्या खुर्चीत बसली पहा. माहं गाव आलं आता, मी उतरते.”

“उतरा, उतरा. सावकाश,” आबा म्हणाले. “काही राहिलं नाही ना गाडीत?”

“काही नाही राहिलं जी.”

त्यांनी आबांचा हात अलगद उचलला आणि आईच्या खुर्चीच्या मुठीवर ठेवला. बोटं आपोआप मिटली. मथुराबाई डोळे पुसत होत्या, त्या अधिकाऱ्यानं त्यांची खुर्ची गेटातून आत नेली.

विमानात आम्ही सगळ्यात शेवटी चढलो. लोकांनी घड्याळाकडे बघत आमच्याकडे बघितलं. एरवी मी एकेकाला उत्तर दिलं असतं. आबा खिडकीशी, मी मध्ये, आई कडेला. आईनं तशी जागा मुद्दाम मागून घेतली होती. मी आबांचा पट्टा लावायला वाकले तेव्हा त्यांनी पोट आत घेऊन मला जागा करून दिली.

“वकीलबाई, तुम्ही कुठपर्यंत?”

मी हसायला तोंड उघडलं. थट्टेचं उत्तर थट्टेनं द्यायची सवय. मग त्यांचे डोळे दिसले. त्यांत थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“गुवाहाटीपर्यंत,” मी म्हटलं.

“बरं झालं. सोबत झाली.” त्यांनी थोडं माझ्याकडे झुकून सांगितलं, “माझी पोरगीपण वकील आहे. पुण्यात असते. तिला कामं फार, यायला जमलं नाही.”

माझ्या डाव्या हातावर आईचा हात आला.

“अनोळखी माणसाबरोबर निघत नव्हते,” ती पुटपुटली. “म्हणून मीच सांगितलं, या वकीलबाई आपल्याला सांभाळून नेणार आहेत. चिडू नको, बाळ.”

सकाळपासूनचं ते पाणी घ्या, तुम्ही आधी बसा. मी त्याला हसून दाद देत होते. विमान धावपट्टीवर धावायला लागलं, कानात दडे बसले, आणि मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. रडूसुद्धा येत नव्हतं. धक्का बसला की आधी माणूस कोरडा होतो.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “कशी आहे हो तुमची मुलगी?”

“भांडकुदळ,” आबा कौतुकानं म्हणाले. “पण तिच्या माणसाला कुणी गाडीतून उतरवून दाखवावं.”

गुवाहाटीला निरंजन बाहेर उभा होता. आबांनी त्याला लांबूनच ओळखलं. “निऱ्या, वाळलास किती,” म्हणाले. आई तिथंच, माणसांच्या वाटेत, खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. निरंजनला वाटलं, प्रवासानं दमली.

आता आबाही नाहीत आणि तो चढ चढणारी आईही नाही. पण दुसऱ्या दिवशीचं ते बारसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाळण्याभोवती तिथल्या चार मराठी बायका जमल्या होत्या, आबा खुर्चीत बसले होते आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात होती. दोन्ही हातांनी त्यांनी तिला घट्ट धरलं होतं. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, इरावती. बायकांनी ‘कुर्रर्र’ केलं, माझ्या पाठीत धपाटे पडले, सगळे हसले.

त्या गलक्यात मी तशीच वाकलेली राहिले आणि आबांच्या कानाशी तोंड नेलं.

“चारुलता,” मी सांगितलं.

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. क्षणभर विचार केला.

“चांगलं नाव आहे,” ते म्हणाले.